मनीची फणी

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रविवारची वंदना आटोपून आम्ही चार-सहा जण विहाराच्या ओट्यावर बोलत बसलो होतो. तेवढ्यात महिला मंडळातील एक ताई बाजाराची कापडी पिशवी छातीशी धरून आल्या. पिशवी आतून हलत होती.

"जयभीम भाऊ. जरा काम होतं."

माझ्याकडे लोक येतात ते रेशनकार्ड, जातीचा दाखला, शाळेचा प्रवेश, पेन्शनचा अर्ज असल्या कामांसाठी. मांजर घेऊन आलेल्या या ताई पहिल्याच. पिशवीचे तोंड उघडले तर आत मळकट पांढऱ्या रंगाचे, चपट्या नाकाचे, लांब केसांचे मांजर. पर्शियन म्हणतात ती जात. डोळ्यांतून पाणी गळून नाकाच्या दोन्ही बाजूंना तपकिरी रेघा पडलेल्या. पुढचा डावा पाय ते जमिनीवर टेकत नव्हते.

ताई एका मोठ्या सोसायटीत घरकाम करतात. त्यांच्या मॅडम कुटुंबासह परदेशी गेल्या. जाताना त्यांनी ताईंना एक जुना मिक्सर, दोन चादरी आणि हे मांजर दिले. मिक्सर कसा चालवायचा ते सांगितले, मांजर कसे सांभाळायचे ते सांगितले नाही. ताईंच्या मुलांनी त्याचे नाव मनी ठेवले. दूध-भात, मासळीचे तुकडे, जे घरात होते ते प्रेमाने घातले. चार महिने झाले. मनी खात होती, पण अंग चाटेनाशी झाली, पोटाला हात लावला की फिसकारू लागली, आणि आता लंगडू लागली.

"पोटाखाली बघा भाऊ," ताई हळूच म्हणाल्या. मी हात घातला. काखेपासून पोटापर्यंत केसांचा एक कडक पट्टा झाला होता, वाळलेल्या पायपुसण्यासारखा.

ताईंची खरी अडचण पुढे होती. शेजारच्या खोलीतल्या आजी म्हणाल्या होत्या, "ही जट हाय. देवीची असती. कापू नगा, घरावर येतं." ताई शिकलेल्या नाहीत, पण विहारात नियमित येणाऱ्या. त्यांचा विश्वास नव्हता. तरी घरात लहान मुले, म्हणून मन कचरत होते. मी म्हटले, "ताई, देवी-बिवी काही नाही. डॉक्टरकडे जाऊ."

डॉक्टरांनी काय सांगितले

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून मी ताईंबरोबर जनावरांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी मनीला हलकी भूल देऊन मशीनने तो पट्टा काढला. खालची कातडी लालभडक, ओली, दोन ठिकाणी चिरलेली होती. मग पाय पाहिला. पंजाच्या आतल्या बाजूला, जरा वर, अंगठ्यासारखे एक नख असते. ते वाढून, वर्तुळासारखे वळून थेट तळव्याच्या गादीत रुतले होते. नख कापून बाहेर ओढले तेव्हा पू आला.

"हिला आजार काहीच नव्हता," डॉक्टर म्हणाले. "फणी आणि नेलकटर, एवढंच हवं होतं."

हे वाक्य माझ्या मनात घर करून राहिले. परतताना आम्ही त्यांच्याकडून सगळे नीट समजून घेतले. आता आमच्या वस्तीत मांजर पाळणारी आणखीही घरे आहेत, आणि घरकामाच्या ठिकाणाहून अशी 'देऊन टाकलेली' मांजरे आपल्याकडे येत असतात. म्हणून जे शिकलो ते या पानावर मांडतो.

केस का गुंततात

साधे गावठी मांजर स्वतःची सफाई स्वतः करते. त्याच्या जिभेवर घशाकडे वळलेले बारीक काटे असतात. तीच त्याची फणी. पण लांब केसांच्या मांजराला वरच्या लांब केसांखाली मऊ, कापसासारखा दाट थर असतो. गळलेले केस त्या थरात अडकून राहतात. जीभ तिथवर पोहोचत नाही. त्यात धूळ, पावसाळ्याची दमट हवा, सांडलेले दूध, लघवीचा थेंब मिसळला की गाठ बसते. गाठीला गाठ मिळते आणि पट्टा तयार होतो. प्रत्येक हालचालीला तो कातडी ओढतो. आपली वेणी कोणी दिवसरात्र ओढून धरली तर कसे वाटेल, तसे.

असे मांजर माणसानेच हौसेखातर पिढ्यान्‌पिढ्या निवडून निवडून तयार केले आहे. लांब केस आणि चपटे नाक माणसाला आवडले म्हणून वाढत गेले. ज्याला आपण स्वतःची निगा राखण्यास असमर्थ केले, त्याची निगा आपणच राखली पाहिजे. यात उपकाराचा प्रश्न येत नाही.

रोजची दहा मिनिटे

साहित्य महागडे लागत नाही. एक रुंद दातांची स्टीलची फणी आणि एक जरा बारीक दातांची फणी. प्लॅस्टिकच्या फणीने केस विजेने फुलतात आणि दात तुटून टोचतात, म्हणून स्टीलची बरी. ती फणी मांजरासाठीच वेगळी ठेवावी.

वेळ ठरवून घ्यावी. जेवून सुस्तावलेले मांजर शांत असते. आधी हाताने कुरवाळावे, मग डोके, मान, पाठ असे त्याला आवडणाऱ्या जागांपासून सुरू करावे. केसांच्या दिशेने, पण थर थर वेगळा करीत मुळापर्यंत फणी न्यावी. नुसते वरवर विंचरले तर मांजर वरून गुळगुळीत दिसते आणि आत गुंता तसाच राहतो. ताईंच्या मुलांकडून नेमके हेच झाले होते. ती पाठीवरून प्लॅस्टिकचा ब्रश फिरवीत असत.

गुंता कुठे होतो ते ध्यानात ठेवावे: कानांमागे, गळ्याखाली, पुढच्या पायांच्या काखेत, पोटावर, मांड्यांच्या आत आणि शेपटीच्या बुडाशी. या सहा जागा रोज बोटांनी चाचपाव्यात. मांजर कंटाळले, शेपूट आपटू लागले की थांबावे. उरलेले संध्याकाळी. दाबून धरून एकदा जबरदस्ती केली की दुसऱ्या दिवसापासून फणी दिसताच ते कपाटाखाली जाते.

विंचरण्याचा आणखी एक फायदा आहे. फणीत आलेला केस मांजराच्या पोटात जात नाही. चाटताना गिळलेले केस पोटात साठून त्यांचा गोळा होतो आणि मांजर तो ओकून टाकते. क्वचित असे झाले तर घाबरू नये. पण वारंवार ओकाऱ्या आल्या, शौचास झाले नाही किंवा दिवसभर मांजराने अन्नाला तोंडच लावले नाही, तर डॉक्टरांना दाखवावे.

गाठ झालीच तर

पहिली आणि महत्त्वाची सूचना म्हणजे कात्री लावू नये. मांजराची कातडी पातळ आणि सैल असते. गाठ ओढली की कातडी तंबूसारखी तिच्यात वर येते आणि केस समजून आपण कातडीच कापतो. अशा जखमा घेऊन येणारी मांजरे डॉक्टर नेहमी पाहतात.

लहान गाठीवर चिमूटभर कॉर्नफ्लोअर चोळावे. त्याने केस मोकळे व्हायला मदत होते. मग कातडीजवळ केसांचे मूळ दोन बोटांत घट्ट धरावे, म्हणजे ओढ कातडीला लागत नाही. गाठ टोकाकडून बोटांनी थोडी थोडी उकलावी आणि शेवटी फणी लावावी. आपल्या आया-बहिणी मुलींच्या केसांतला गुंता असाच खालून वर सोडवतात. गाठ कातडीला चिकटून कडक झाली असेल, तर हात लावू नये. ते डॉक्टरांच्या मशीनचे काम.

उन्हाळ्यात कोणी सांगतात की सगळे केस भादरून टाका, गार वाटेल. गाठींमुळे इलाज नसेल तरच ते डॉक्टरांकडून करावे. विंचरलेले मोकळे केस कातडीला उन्हापासून जपतात. उकाड्यात पंखा, सावलीतली गार फरशी आणि भरपूर पाणी पुरते.

अंघोळ, डोळे आणि काही घातक वस्तू

अंघोळ वारंवार नको. घालायचीच तर आधी पूर्ण विंचरावे, कारण पाणी लागल्यावर गाठी आणखी आवळतात. कोमट पाणी, मांजरासाठी असलेला शाम्पू, कानात-डोळ्यांत पाणी नाही, आणि नंतर मुळापर्यंत केस कोरडे. ओल राहिली की बुरशी धरते. शेपटीखालचे केस लांब असल्याने शौचानंतर माखतात. ती जागा रोज पाहून ओल्या कापडाने पुसावी.

चपट्या नाकाच्या मांजराचे डोळे पाझरतात. उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस बुडवून रोज पुसावे. प्रत्येक डोळ्याला वेगळा बोळा.

आता घरात सहज सापडणाऱ्या घातक वस्तू. डेटॉलसारखी जंतुनाशके आणि फिनेल मांजराला विषारी असतात. अंगाला लागलेले ते चाटून पोटात घेते. कुत्र्यांसाठीची पिसवांची औषधे मांजराला लावू नयेत; त्यांतल्या काहींत परमेथ्रिन असते, त्याने मांजराला झटके येऊन जीव जाऊ शकतो. आणि ताप वाटतो म्हणून आपल्या डब्यातली पॅरासिटामॉलची गोळी कधीही देऊ नये. एका गोळीनेही मांजर दगावू शकते.

नखे कशी कापावीत

मांजराला सर्वसाधारणपणे अठरा नखे असतात. पुढच्या पंजांना पाच-पाच आणि मागच्यांना चार-चार. पुढचे पाचवे, अंगठ्याचे नख जमिनीला टेकत नाही, म्हणून झिजत नाही. मनीच्या पायात रुतले ते हेच. घरातच राहणाऱ्या आणि म्हाताऱ्या मांजरांच्या बाबतीत त्याकडे विशेष लक्ष हवे.

दर दोन-तीन आठवड्यांनी नखे पाहावीत. मांजराला मांडीवर, पाठ आपल्या पोटाकडे करून घ्यावे. पंजा हातात धरून बोटाची गादी खालून आणि वरून हलकेच दाबली की आत लपलेले नख बाहेर येते. उजेडाकडे धरले की नखाच्या आत गुलाबी भाग दिसतो. त्यात रक्त असते आणि दुखणेही. तो भाग सोडून पुढचे फक्त पांढरे, अणकुचीदार टोक कापायचे. मांजराचे खास कटर असेल तर उत्तम, नसेल तर लहान, धारदार नेलकटर चालते. तेही वेगळे ठेवावे. बोथट कटरने नख चिरते.

एका बैठकीत अठराही कापलीच पाहिजेत असे नाही. आज चार, उद्या चार. चुकून रक्त आलेच तर कॉर्नफ्लोअर किंवा मैदा त्यावर दोन-तीन मिनिटे दाबून धरावा. थांबले नाही तर डॉक्टर.

मांजर गादी, दार, शाळेची दप्तरे ओरबाडते म्हणून त्याला मारू नये. ओरबाडून ते नखाचे जुने टरफल काढते, अंग ताणते आणि आपल्या जागेची खूण करते. त्याला त्याची हक्काची जागा द्यावी. लांब फळीवर सुतळी किंवा काथ्याची दोरी घट्ट गुंडाळून ती भिंतीला पक्की उभी करावी. मांजर मागच्या पायांवर उभे राहून पूर्ण ताणले जाईल इतकी ती उंच असावी आणि हलता कामा नये. ताईंच्या थोरल्या मुलाने वखारीतली टाकाऊ फळी आणून हे केले. खर्च फक्त सुतळीचा.

काही जण विचारतात, नखे कायमची काढून टाकता येत नाहीत का? त्या शस्त्रक्रियेत प्रत्येक बोटाचे शेवटचे हाडच कापतात. आपल्या बोटांची पेरे छाटण्यासारखेच ते. ब्रिटनमध्ये त्यावर बंदी आहे, आणि अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याने २०१९ साली बंदी घातली. आपल्याकडे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार जनावराचे अंग विनाकारण छाटणे हा गुन्हा आहे. तेव्हा तो विचारही नको.

मुलांचे आरोग्य

दहा बाय बाराच्या खोलीत माणसे आणि मांजर एकत्र राहतात, म्हणून हे नीट वाचावे. लांब केसांच्या मांजरांना नायट्याची बुरशी सहज धरते आणि ती मुलांना लागते. विंचरताना केस गेलेला गोल चट्टा, कोंडा किंवा खपली दिसली तर मांजराला डॉक्टरकडे न्यावे आणि घरातल्यांची कातडीही पाहावी. विंचरून झाल्यावर केस गोळा करून टाकावेत, हात साबणाने धुवावेत. घरात कोणाला दमा असेल तर मांजर अंथरुणात घेऊ नये.

मांजराला दरवर्षी रेबीजची लस द्यावी. मांजर चावले किंवा त्याने रक्त येईल असे ओरबाडले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयात जावे. हळद, चुना, तिखट काहीही भरू नये.

मांजराच्या उपचारासाठी मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे, ज्याला आपले लोक बैलघोडा म्हणतात. जिल्ह्याच्या ठिकाणी पशुसंवर्धन खात्याचे सर्वचिकित्सालय असते. तिथे जाताना संकोच करू नये. केसपेपर काढणे हा आपला हक्क आहे.

आपल्याला हे कशाला?

हे सगळे मी विहारात सांगितले तेव्हा एक तरुण कार्यकर्ता म्हणाला, "भाऊ, आपल्या पोरांची फी भरायची मारामार, आणि मांजराचे केस विंचरत बसायचे? हे श्रीमंतांचे चोचले."

त्याचे म्हणणे अगदीच खोटे नाही. अशी मांजरे विकत घेऊ नयेत असेच मीही म्हणेन. हौस म्हणून आणायची आणि जड झाली की मोलकरणीच्या पिशवीत टाकायची, ही रीत आपली नव्हे. पण जो जीव घरात आला, त्याचे काय? बाजारात सोडून यायचा?

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांतील तेरावी प्राणिमात्रांविषयी आहे. तिच्यात नुसती दया करायला सांगितलेली नाही, लालनपालनही सांगितले आहे. दया मनात असते. लालनपालन हाताने करावे लागते. ताईंच्या घरात मनीवर दया चार महिने होती. फणी नव्हती, आणि म्हणून मनी कुजत होती. सम्राट अशोकाने दुसऱ्या शिलालेखात माणसांच्या चिकित्सेबरोबर पशूंच्या चिकित्सेची व्यवस्था नोंदवली, तीही नुसती भावना नव्हती; तीत औषधी वनस्पती लावण्याचे काम होते. आणि फेब्रुवारी १९३४ मध्ये राजगृहात काढलेले बाबासाहेबांचे कौटुंबिक छायाचित्र अनेकांच्या भिंतीवर आहे. माता रमाई, यशवंतराव यांच्याबरोबर त्यात टॉबी हा कुत्राही आहे, घरातला एक म्हणून. उद्या मुलांना ते दाखवावे.

आजींची गोष्ट

शेवटी आजींबद्दल सांगितले पाहिजे. आजी मूळच्या कर्नाटकच्या सीमेकडच्या. मनीला घरी आणले तेव्हा डॉक्टरांनी काढलेला तो केसांचा पट्टा ताईंनी कागदात गुंडाळून मुद्दाम आजींना दाखवायला आणला होता. आजींनी तो हातात घेऊन बराच वेळ पाहिला. त्यात वाळलेला भात होता, धूळ होती, गळलेले केस होते. देवी नव्हती.

मग आजी बोलल्या. त्यांच्या थोरल्या बहिणीच्या डोक्यात लहानपणी अशीच गाठ झाली होती. आई शेतावर, पोरीच्या डोक्याला महिनोन्‌महिने तेल नाही, फणी नाही. लोक म्हणाले, यल्लम्माची जट आली. भंडारा लावला आणि पोर देवीला सोडली. पुढे तिचे काय झाले ते आजींनी सांगितले नाही. आम्हीही विचारले नाही. जून १९३६ मध्ये बाबासाहेबांनी परळच्या दामोदर हॉलमध्ये जोगतिणी आणि देवदासींना ते जिणे सोडून देण्याचे आवाहन केले होते. तो आवाज आजींच्या गावापर्यंत वेळेवर पोहोचला नाही.

"तवा कुनी फणी फिरवली असती तर..." एवढे म्हणून आजी उठून गेल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताई कामावरून आल्या तर मनी आजींच्या दारात, आजींच्या मांडीवर. आजी काखेतले केस बोटांनी मोकळे करीत होत्या. तेव्हापासून मनीला विंचरण्याचे काम आजींकडे आहे. नखे ताईंचा थोरला मुलगा कापतो. पोटावरचे केस आता बोटभर वाढले आहेत, आणि मनी चारही पाय टेकून चालते.

वाचकहो, तुमच्या घरात मांजर असेल तर आज रात्री त्याच्या काखेत आणि पोटाखाली एकदा हात फिरवून पाहा. पंजाच्या आतले ते अंगठ्याचे नखही पाहा. आणि शेजारीपाजारी कोणा बाईच्या, मुलीच्या डोक्यात 'जट' आली आहे असे कानावर आले, तर फणी घेऊन तिच्याकडेही जा.

जयभीम!